एकसष्ट किलो चारशे

माझ्या आत्याचं वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम आहे. हे घरातलं गुपित नाही. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

पाटीवर मोठ्या अक्षरांत 'वजनकाटे दुरुस्ती व तपासणी' असं आहे आणि त्याखाली जरा बारीक: 'प्रत्येक काटा शेवटी आत्या तपासतात. ६१.४'. नवीन गिऱ्हाईक पाटी वाचून हसतं, मग आत येऊन आत्याकडे बघतं, आणि हसायचं थांबतं. आत्याकडे बघूनही हसत राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पद्धत अशी. काटा दुरुस्त झाला की त्यावर वीस-वीस किलोची तीन लोखंडी वजनं ठेवायची. काट्याने साठ दाखवले की तो पास, पण अर्धाच पास. मग आत्या चपला काढून, निळा एप्रन सारखा करून त्यावर उभी राहते. एकसष्ट चारशे आलं तरच काटा गिऱ्हाइकाच्या हातात. माणसाचं वजन करायच्या काट्यावर माणूस उभा राहिला पाहिजे, कारण लोखंड हलत नाही आणि माणूस हलतो, असं बाबांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण बावीस वर्षं एकच माणूस, आणि त्याने वजन बदलायचंच नाही, हे तथ्याच्या जरा पुढे गेलेलं प्रकरण आहे. आत्या रोज सकाळी आधी दुकानातल्या मुख्य काट्यावर उभी राहायची. शंभर ग्रॅम कमी भरली तर अर्धा पेला पाणी प्यायची. जास्त भरली तर डबा अर्धा ठेवायची. याला आमच्याकडे बारीक जुळणी म्हणतात.

"लोखंडाला गंज चढतो," बाबा म्हणायचे. "ताईला नाही चढत."

बाबांच्या बाकीच्या सवयीही अशाच. एका भिंतीवर पांढऱ्या फळ्या ठोकलेल्या आणि त्यांवर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगाने काढलेली सावली. पक्कड उचलली की तिच्या जागी पकडीच्या आकाराचा काळा डाग उरतो आणि ती परत येईपर्यंत तुमच्याकडे बघत राहतो. दुसरी सवय वहीची. काटा तपासला की त्याचा क्रमांक, तारीख, लोखंडाचा आकडा, आत्याचा आकडा, दुसऱ्यांदा स्क्रू फिरवावा लागला तर त्याचं कारण, हे सगळं तिथल्या तिथे लिहायचं, तेलकट हाताने. लिहिल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. म्हणून आमच्या वह्या सामोशाच्या कागदासारख्या दिसतात. आणि तिसरी सवय: काम बिघडलं तर ती बातमी गिऱ्हाइकाला आपल्याच तोंडून, आणि जेवायच्या आधी. जेवणानंतर माणूस सबबी शोधतो, असं बाबांचं निरीक्षण आहे. ते मला उद्देशून केलेलं आहे.

मला दुकान मोठं करायचं होतं. शेजारचा छत्रीवाला धंदा बंद करत होता आणि त्याचं शटर तो आम्हाला भाड्याने द्यायला तयार होता, पण आठवडाभरात हो किंवा नाही सांगा म्हणाला. हो म्हणायला काम हवं होतं. म्हणून मी आठ दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेकडे खेटे घातले. चार खेट्यांनंतर त्यांच्या खरेदी बघणाऱ्या मॅडम स्वतः आमच्याकडे आल्या. त्यांनी काट्यांकडे बघितलंच नाही. त्यांनी वही मागितली आणि उभ्या उभ्या अकरा पानं वाचली.

"बाकीच्या दुकानांनीही मला वह्या दाखवल्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या एकाच पेनाने लिहिलेल्या. एका बैठकीत."

"आमच्याकडे पेन टिकत नाही," बाबा म्हणाले. "तेलाने बंद पडतं."

त्यावर मॅडम पहिल्यांदा हसल्या. चाळीस काटे देते, ते नीट झाले तर वर्षभराचं सगळं काम तुमचं, असं त्यांनी सांगितलं. दारातून वळून म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. लहान मुलांचं औषध वजनावर ठरतं."

चाळीस काट्यांना आठ दिवस लागले. तो शेवटचा दिवस होता. चार वाजता गाडी येणार होती, सहा वाजता छत्रीवाल्याला उत्तर द्यायचं होतं, आणि दुपारी अडीच वाजता चाळीसही खोकी मागच्या खोलीत चिकटपट्ट्या लावून रचलेली होती. मी इतका खूश होतो की छत्रीवाल्याच्या शटरला कुठला रंग द्यायचा हेही ठरवून ठेवलं होतं.

पावतीवर तारीख घालायला मी कॅलेंडरकडे गेलो. कॅलेंडर सावल्यांच्या भिंतीवर होतं. ते तिथे कुणी आणि कधी लावलं, हा प्रश्न मला तोपर्यंत पडला नव्हता. पान उलटलं, खिळा निसटला आणि कॅलेंडर माझ्या पायावर पडलं.

मागे पाच गोल सावल्या होत्या. रिकाम्या.

तिथे आजोबांची पितळी वजनं असायची, अर्ध्या किलोची पाच. वापरात नव्हती, पण त्यांना जागा होती. आमच्या दुकानात एक जागा रिकामी असेल तर संध्याकाळी शटर ओढलं जात नाही. इथे पाच रिकाम्या होत्या आणि त्यांच्यावर कॅलेंडर होतं.

आत्या मागच्या खोलीत खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"आत्या, पितळी वजनं कुठे आहेत?"

"असतील कुठेतरी."

"पाचही नाहीत."

"झिजली असतील."

ती चिठ्ठी घ्यायला वळली आणि तिचा एप्रन टेबलाच्या कडेला लागला. ठण असा आवाज झाला. कापडाचा असा आवाज होत नाही. मी एप्रनकडे बघितलं, आत्याने चिठ्ठीकडे.

"किती?" मी विचारलं.

"पाचही."

"म्हणजे अडीच किलो."

"गणित चांगलं आहे तुझं."

तिने एप्रन उलटून दाखवला. आतल्या बाजूला पाच छोटे खिसे शिवलेले, प्रत्येक वजनाला त्याच्या मापाचा. बाबांची बहीण आहे, हे सांगायला नको.

"कधीपासून?"

"कवळी बसवली तेव्हापासून. टोचते रे. पातळ पातळच खाते. महिन्याला अर्धा किलो उतरते, तसं महिन्याला एक वजन घालते." मग जरा दुखावल्यासारखी म्हणाली, "मी काही एकदम पाच नाही घातली."

"बाबांना सांगायचंस ना."

"काय सांगू? पाटी पुसून टाक म्हणून?" तिने आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. पलीकडे बाबा फोनवर गाडीवाल्याला पत्ता समजावत होते. "हे बघ शहाण्या. या दुकानात बाळ काटे दुरुस्त करतो, तू गिऱ्हाईक आणतोस आणि मी उभी राहते. मला दुसरं काय येतं? उभं राहायला लोखंड पुरतं असं एकदा ठरलं की मी घरी. घरी काय आहे? खिडकी."

बाबा साठीचे आहेत. आत्या त्यांना बाळ म्हणते. एरवी मला यावर काहीतरी सुचलं असतं. त्या क्षणी मात्र मला परवाची दुपार आठवली.

परवा आत्याच्या एप्रनवर तेल सांडलं होतं. तो धुवून वाळत घातला आणि ती दुसरा घालून आली. मी दोन काटे तिच्यापुढे ठेवले. दोन्ही लोखंडावर पास झालेले. दोन्हींनीही अठ्ठावन्न नऊशे दाखवलं.

"राहू दे," आत्या म्हणाली होती. "एप्रन वाळला की बघू."

"एप्रन वाळल्यावर तुझं वजन वाढतं का?"

"कधी कधी."

मी हसलो. आणि मग आमच्या घराण्यालाच जमेल अशी गोष्ट केली: लोखंड आणि आत्या यांत मतभेद झाला म्हणून लोखंडावर अविश्वास दाखवला. मागचा स्क्रू फिरवून दोन्ही काटे एकसष्ट चारशेवर आणले. आत्याने तोंड उघडलं होतं. मी "झालं, उतर" म्हणालो आणि तिने ते मिटलं. काटे बरोबर होते. मी ते बिघडवले. वीस किलोचं मूल आता त्यांवर पाऊण किलोहून जास्त भरणार होतं.

"कुठले दोन होते ते?" आत्याने विचारलं. "वहीत बघ. कारण लिहिलं असशील ना."

वहीत नव्हतं. दुसऱ्यांदा स्क्रू फिरवला की कारण लिहावं लागतं आणि बाबांची सही घ्यावी लागते. तो खटाटोप टाळायला मी ते दोन काटे नंतर लिहू म्हणून सोडले. मग त्यांच्या पुढचेही सोडले. आणि त्या सकाळी चहा पिता पिता, स्वच्छ हातांनी, चाळीसच्या चाळीस नोंदी एका बैठकीत लिहून काढल्या. साठ, एकसष्ट चारशे. साठ, एकसष्ट चारशे. बाबांनी पान बघून "अक्षर सुधारलं" असं म्हटलं होतं. बावीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे दुसरं कौतुक.

"एका पेनाने?" आत्या म्हणाली.

"एका पेनाने."

ती खोक्यांच्या भिंतीकडे बघत राहिली. एक खोकं उघडून, काटा काढून, साठ किलो लोखंड चढवून, उतरवून, परत बांधायचं म्हणजे चार मिनिटं. चाळीस खोकी. गाडीला दीड तास.

"सोमवारी जाऊन बदलून देऊ," आत्या म्हणाली. "तपासणीच्या नावाखाली."

"तोपर्यंत शनिवार-रविवार आहे. दवाखाने चालू असतात."

"मग आता काय करायचं?"

"आता हळू आवाजात उघडायचं."

साठ किलो लोखंड हळू आवाजात हलवता येत नाही. आम्ही प्रयत्न केला. मी वजनं उचलायचो, आत्या पट्टी सोडायची. पहिला काटा साठ. दुसरा साठ. पाचव्याला एक वजन हातातून निसटून फरशीवर आपटलं. बाबा दारात आले.

"काय चाललंय?"

"पट्ट्या नीट चिकटल्या नाहीत," मी म्हणालो.

"लोखंड कशाला?"

"पट्टी दाबायला."

बाबा आत्याकडे बघत होते. आत्या पट्टी दाबत होती, तळहाताने, अगदी मन लावून. बाबांनी काहीतरी विचारायचं ठरवलं, पण तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि ते गेले. आम्ही नवव्या काट्यापर्यंत आलो. नऊही साठ. दहावं खोकं उघडणार एवढ्यात पुढच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला.

"लवकर आले. गाडी बाहेर आहे. निघू या?"

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मॅडम स्टुलावर बसल्या आणि वही मागितली. बाबांनी ती दोन्ही हातांनी दिली. मी काउंटरला टेकून उभा राहिलो. त्या पान वाचत होत्या. खाली गेल्या, परत वर आल्या. मग बोट एका ओळीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"चाळीसही एकाच पेनाने?"

आत्याने खोकल्यासारखं केलं. बाबा वहीकडे वाकले. सकाळी फक्त अक्षर बघितलेल्या माणसाला आता शाई दिसत होती.

"नवीन पेन आहे," मी म्हणालो. "चांगलं निघालं."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मलाच क्षणभर खरं वाटलं. मॅडम "हं" म्हणाल्या आणि वही मिटली. बाबा वहीवरून सरळ झाले. ते माझ्या हातांकडे बघत होते. हात स्वच्छ होते.

"मी तीन काटे निवडते," मॅडम म्हणाल्या. "आणि लोखंड नको. ते सगळीकडेच असतं. पाटीवर लिहिलंय तसं करून दाखवा. आत्या उभ्या राहू देत."

चाळीस खोक्यांत दोन वाईट, आणि त्या तीन उचलणार. माझ्या डोक्याने माझी परवानगी न घेता हिशेब केला: सातातल्या सहा वेळा कुणाला काही कळणार नाही. सातातल्या सहा वेळा संध्याकाळी शटर आमचं. माणसं याहून कमी भरवशावर लग्न करतात.

बाबांनी स्टूल मागच्या खोलीत नेलं. मॅडमनी तिथे बसून मधल्या रांगेतलं खोकं दाखवलं. मी काटा काढून फरशीवर ठेवला. आत्याने चपला काढल्या, एप्रन सारखा केला आणि उभी राहिली. काटा थरथरला, थांबला. एकसष्ट चारशे.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या.

दुसरं खोकं खालच्या रांगेतलं. ते काढायला वरची चार उतरवावी लागली. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. आत्या चढली. काटा थांबायला जरा जास्त वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. एकसष्ट चारशे. मॅडमनी खिशातून पेन काढलं. वर्षाच्या कामाचा कागद त्यांच्या मांडीवर होता.

"आता ते," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातलं."

मी पट्टी सोडली. काटा ठेवला. त्याच्या मागच्या स्क्रूवर एक चकचकीत ओरखडा होता. माझ्या पान्याचा असू शकेल असा. इतर एकोणचाळीस काट्यांवरही असेच ओरखडे असतील, पण ते मला दिसत नव्हते. हा दिसत होता. आत्याने एक पाय उचलला. तिचीही नजर त्या स्क्रूवर होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती फक्त थांबली, एक पाय हवेत, आणि मला कळलं की मी बोलेपर्यंत ती तशीच उभी राहणार. उभं राहणं तिला येतं.

"थांब आत्या," मी म्हणालो.

तिने पाय खाली ठेवला.

"मॅडम, यातले दोन काटे चुकीचे आहेत. कुठले ते मला माहीत नाही. बरोबर होते, मी फिरवले. आणि ही वही मी आज सकाळी बसून लिहिली. चाळीसही."

 मग आत्याने एप्रनच्या आत हात घातला. पहिलं पितळी वजन काढून टेबलावर ठेवलं. ठक. दुसरं. ठक. बाबा मोजत असावेत, कारण प्रत्येक ठकेला त्यांच्या भुवया थोड्या वर जात होत्या. पाचवं ठेवून झाल्यावर ती काट्यावर चढली.

अठ्ठावन्न नऊशे.

"हे माझं वजन," आत्या म्हणाली. "कवळी टोचते."

आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं की हा काटा बरोबर आहे. कोपऱ्यातलं खोकं चांगलं निघालं होतं. मी गप्प राहिलो असतो तर आत्ता कागदावर सही झाली असती. हे बाबांच्याही लक्षात आलं, मॅडमच्याही. मला हसू आलं नाही, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

बाबांनी वही उघडली. माझ्या सुंदर अक्षरांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, तिच्यावर 'खोटं' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. नवीन पान काढून पेन माझ्यापुढे धरलं.

"एक नंबरपासून," ते म्हणाले. "मॅडम, सगळे उघडतो. तुमच्यासमोर. तीन तास लागतील. थांबायचं नसेल तर आज काहीच नेऊ नका."

मॅडमनी घड्याळ बघितलं. गाडीवाल्याला फोन करून थांब म्हणाल्या. आणि पेन खिशात परत ठेवलं. ते खिशात जाताना मी बघितलं.

आम्ही चाळीसही काटे उघडले. बाबा आणि मी लोखंड चढवत होतो, आत्या आकडा वाचत होती, आणि मी तेलकट हाताने लिहीत होतो. सत्ताविसाव्या काट्याने बासष्ट पाचशे दाखवलं.  मी कारण लिहिलं, बाबांनी सही केली. मग दुसरा सापडेना. तिसावा साठ. पस्तिसावा साठ. अडतिसावा साठ. माझ्या मनात आलं की मी परवा एकच फिरवला असेन आणि दुसरा लाजेपोटी कल्पनेत जोडला असेन. एकोणचाळिसावा बासष्ट साडेचारशे निघाला. मी कुठल्याही काट्याचा इतका आभारी कधीच झालो नव्हतो.

मॅडम उठल्या तेव्हा सहाला दहा मिनिटं होती.

"अडतीस नेते. दोन पुन्हा नीट करून पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि तीन महिन्यांचं काम देते. वर्षाचं नाही देता येत."

"समजलं," बाबा म्हणाले.

"नाही, त्याला समजलं का ते बघते." त्या माझ्याकडे वळल्या. "मी पेनाबद्दल विचारलं, तेव्हाच सांगितलं असतं तर मी आज वर्षाची सही केली असती. तुम्ही वीस मिनिटं घेतलीत."

"हो," मी म्हणालो. यापेक्षा चांगलं वाक्य आजही सापडलेलं नाही.

जाता जाता त्यांनी आत्याला एक चिठ्ठी दिली. त्यांच्याच एका दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरचं नाव होतं. "कवळी घासून देतात," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांचं काम आहे. अडीच किलो वाहण्यापेक्षा बरं."

सहा वाजता मी छत्रीवाल्याकडे गेलो आणि नाही म्हणालो. तिथे आता एक जण फुगे विकतो. माल असा की त्याला आमची कधीच गरज पडणार नाही.

 त्या रात्री आत्याने जेवताना एप्रनची घडी घालून मांडीवर ठेवली होती, निरोपाला आलेल्या माणसासारखी. "बाळ," ती शेवटी म्हणाली, "उद्या मी येत नाही. लोखंड आहे की."

"उद्या नऊला," बाबा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बाबा फरशीवर गुडघ्यांवर बसले होते, हातात काळ्या रंगाचा डबा. वहीच्या टेबलाशी त्यांनी एक खुर्ची आणली होती, हातांची, गादीची, आमच्या दुकानाच्या मानाने फारच चांगली. तिच्या चारही पायांभोवती ते काळे गोल काढत होते. पाटीवरचा ६१.४ खरवडून टाकलेला होता. नीट बघितलं तर अजून वाचता येत होता.

"ही कुणाची?" आत्याने विचारलं.

"वहीवाल्याची. यापुढे लोखंडाचा आकडा इथे बसून तू वाचायचास, तू लिहायचास. तुझ्या सहीशिवाय काटा बाहेर जाणार नाही." ते उभे राहिले, गुडघे झटकले. "आणि याने 'नंतर लिहितो' म्हटलं तर त्याचे हात बघ."

"मला लिहायचा कंटाळा आहे."

"रंग ओला आहे," बाबा म्हणाले. "आता खुर्ची हलवता येणार नाही."

आत्या थोडा वेळ त्या चार गोलांकडे बघत राहिली. मग बसली. मग काहीतरी विसरल्यासारखी उठली, चपला काढल्या आणि मुख्य काट्यावर जाऊन उभी राहिली. सवय. आम्ही तिघांनी काटा थांबायची वाट बघितली. तिने पाण्याच्या पेल्याकडे हात नेला, मग तो मागे घेतला.

डॉक्टरकडे जाऊन आता महिना झाला. वहीच्या पहिल्या रकान्यात रोज सकाळी आत्याचं वजन असतं, खरं, तारखेसह, आणि ते रोज वेगळं असतं. आज एकोणसाठ तीनशे होतं. तिने ते स्वतः लिहिलं, खाली सही केली, आणि मग हात धुतले.